नडीनच्या ट्रेलरवरची फोर्ड

नडीनच्या ट्रेलरवर ताडपत्रीखाली फोर्ड आहे हे ऑरिन हॅकवर्थला कळलं, तेव्हा तो मक्याची कणसं सोलत बसला होता.

कळलं ते वाऱ्यामुळे. ताडपत्रीचं एक टोक सुटलं, फडफडलं आणि खालून गडद निळ्या बॉनेटचा कोपरा आणि जाळीवरचा धावता घोडा दिसला. हातातलं कणीस तसंच धरून ऑरिन उठला.

"व्हर्ना," तो बायकोला म्हणाला, "माझा उजवा डोळा शाबूत आहे ना?"

"डॉक्टर तर तसं म्हणाला."

"मग मला घोडा दिसतोय."

व्हर्नाने उकडलेल्या अंड्यांत मोहरीचं सारण भरणं थांबवलं नाही. "दिसत असेल तर असेल," ती म्हणाली.

सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीतला शनिवार होता. मिल क्रीकच्या ड्रॅग पट्टीमागचं, म्हणजे दोन-दोन गाड्यांच्या सरळ शर्यतीच्या पट्टीमागचं, मैदान सकाळपासूनच गाड्यांनी, ट्रेलरांनी आणि कोळशाच्या शेगड्यांनी भरलं होतं. कुंपणाजवळच्या नेहमीच्या जागी हॅकवर्थांचं छत उभं राहिलं होतं. त्याच्या सावलीत ऑरिनची नारिंगी कॅमॅरो होती. वडील एल्मर गेल्यापासून ऑरिन तीच शेव्ही, म्हणजे शेव्हरोले कंपनीची गाडी, पळवत आला होता, आणि हॅकवर्थांच्या घरात दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नाव जेवणाच्या टेबलावर कुणी घेत नसे.

ऑरिनने ताडपत्री ओढून काढली. फोर्डची निळी मस्टँग उन्हात चमकली.

"कुणाची आहे ही?"

"माझी, पॅपॉ." ट्रेलरमागून त्याची नात डेलेनी पुढे आली. चोवीस वर्षांची पोर, आठवडाभर दातांच्या दवाखान्यात काम करायची. नखांत आज मात्र ग्रीस होतं. आजोबांना पॅपॉ आणि आजीला मॅमॉ म्हणायची त्यांच्याकडे पद्धत होती.

"लेनी, बाळा, आपल्या दारात फोर्ड एकदाच आली होती. माझ्या बापाला कबरस्तानात न्यायला. तीसुद्धा त्याला न विचारता."

"मग ही दुसरी. आणि ही तुम्हाला न्यायला नाही, हरवायला आली आहे."

कॅमॅरोखाली जॅक लावत असलेल्या क्लेटनच्या हातून पाना पडला. क्लेटन म्हणजे ऑरिनचा मुलगा आणि डेलेनीचा बाप. मुलीने गाडी घेतली हे त्याला माहीत होतं. पण तिने ती शर्यतीला आणली आहे आणि तीही बहिणीच्या ट्रेलरवरून, हे त्याला आत्ता कळत होतं.

"नडीन!" तो ओरडला. "यात तुझा हात आहे?"

"दोन्ही आहेत," नडीन म्हणाली. ती ट्रेलरचे पट्टे सोडवत होती. जिल्ह्याच्या शाळेच्या सगळ्या बसगाड्या दुरुस्तीला तिच्या हाताखालून जायच्या. बाप तिला कधीच कुठल्या शर्यतीच्या गाडीला हात लावू देत नसे. मुलीने स्वयंपाकघरात आईला मदत करावी, असं त्याचं सरळ मत होतं. नडीनला अजूनही धड कोबी चिरता येत नसे.

ऑरिनने तोपर्यंत बॉनेट उचललंही होतं. राग आलेल्या माणसाने करायला नको ते तो करत होता: वाकून आत बघत होता. इंजिनच्या डोक्यावर मोठा सुपरचार्जर बसवला होता. हवा दाबून इंजिनात कोंबणारं ते यंत्र त्याने सोलायच्या कणसानेच टोकलं.

"हे काय? केस वाळवायचं मशीन?"

"सुरू झालं की तुमचेपण वाळतील," नडीन म्हणाली.

"पेट्रोल कुठलं?"

"मक्याचा अल्कोहोल घातलेलं. थंड राहतं इंजिन."

"आणि मागची सीट?"

"काढली," डेलेनी म्हणाली. "वजन कमी झालं. मागचे आस बदलले, चाकं लहान करून टायर रुंद घातले. कॉम्प्युटर आत्याने तीनदा नव्याने लावला."

"कॉम्प्युटर!" ऑरिनने बॉनेट आपटलं नाही, अगदी सावकाश खाली सोडलं. चांगलं काम कुणाचंही असो, ते आपटायचं नाही एवढं त्याच्या हाताला कळत होतं. तो आपल्या खुर्चीकडे परत गेला आणि जोरजोरात कणसं सोलू लागला.

"आवडलं त्यांना," नडीन भाचीच्या कानात म्हणाली.

"मला वाटलं, कणीस फेकून मारतात."

"तेच म्हणते मी. फेकलं नाही."

*

ईस्टरच्या जेवणात ऑरिनने टेबलावर हात आपटून शब्द दिला होता, आणि सगळ्या घराने तो ऐकला होता. "माझ्या रक्ताच्या कुणीही मला पट्टीवर हरवलं ना, त्या दिवशी गाडी चालवणं सोडीन. तोवर मला कुणी डोळ्यांच्या गोष्टी सांगायच्या नाहीत."

डोळ्यांच्या गोष्टी व्हर्ना सांगत होती. डाव्या डोळ्याने त्याला आता फक्त उजेड कळायचा. "पट्टी सरळ असते," ऑरिन म्हणायचा, "एक डोळा पुरतो." पण पट्टी संपल्यावर डावीकडे वळावं लागतं, आणि वसंतातल्या पहिल्याच शर्यतीत तो वळलाच नव्हता. कॅमॅरो सरळ जाऊन सोयाबीनच्या शेतात घुसली. व्हर्ना पायातल्या सपातांनिशी पाव मैल धावत गेली. ऑरिन हिरव्यागार रोपांत गाडीतच शांत बसला होता. "व्हर्ना," तो म्हणाला, "यांनी वळण हलवलंय."

ती तिथे हसली होती. घरी आल्यावर मात्र सपातांना लागलेला चिखल ती रात्री उशिरापर्यंत घासत बसली.

पुढच्याच आठवड्यात पीचच्या सारणाची गोड पाई भाजून ती नडीनच्या बसगाड्यांच्या शेडमध्ये गेली. "तुझ्या बापाला हरवणारी गाडी करून दे," ती म्हणाली. नडीनने पाना खाली ठेवला, पाईचा मोठा तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "चालवणार कोण?" व्हर्नाकडे उत्तर तयार होतं. डेलेनी. त्या पोरीने आठवडाभरापूर्वीच चोरून फोर्ड घेतली होती आणि सांगायला कुणी नाही म्हणून आजीला सांगितलं होतं.

हे सगळं आज फळाला येणार होतं. व्हर्नाला नवऱ्याला वाचवायचं होतं. त्याचा चेहरा पडलेला मात्र तिला बघायचा नव्हता. या दोन गोष्टी एकाच दिवशी जमतील कशा, हे काही तिने पाईमध्ये घातलं नव्हतं.

*

पहिल्या फेरीत दोघंही जिंकले. ऑरिनने केंटकीच्या एका पोराला सुटतानाच मागे टाकलं. डेलेनीने एका काळ्या चॅलेंजर गाडीला शेवटच्या टप्प्यात गाठलं. तिच्या सुपरचार्जरची शिट्टी ऐकून कुंपणाजवळची मुलं कानांवर हात ठेवून नाचली. मग फाटकावरच्या बाईंनी कॉफीच्या डब्यातून दुसऱ्या फेरीच्या चिठ्ठ्या काढल्या, आणि भोंग्यावरचा माणूस खुशीत ओरडला, "मंडळी, हॅकवर्थ विरुद्ध हॅकवर्थ! हरेल त्याने आज भांडी घासायची!"

क्लेटनने मुलीला सॉसेजच्या गाडीमागे ओढलं.

"लेनी, पाय उचल."

"काय?"

"अर्ध्या पट्टीनंतर, पेडलवरून. थोडासा. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"डॅड, मी चार महिने..."

"मला माहीत आहे. मस्त केली आहेस गाडी. दुसऱ्या कुणालाही हरव, मी छतावर चढून नाचेन." क्लेटनने टोपी काढून परत घातली. "तू एल्मर आजोबांना पाहिलं नाहीस. त्यांनी गॅरेज माझ्या वडिलांच्या हाती दिलं आणि ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसले. रस्त्यावरून गाडी गेली की नुसत्या आवाजावरून तिचं काय बिघडलंय ते सांगायचे. ऐकायला कुणी नसायचं. एक हिवाळा निघाला नाही गं त्यांच्याच्याने. डॅडींना मी त्या खुर्चीत नाही बघू शकत."

डेलेनी बुटाने खडी उकरत राहिली. तिला बापाचा राग आलेला सोसला असता. हे सोसणं अवघड होतं.

"तुला खुर्चीतला बाप बघवत नाही," मागून आवाज आला. व्हर्ना हातात अंड्यांचं ताट घेऊन उभी होती. "आणि मला पेटीतला नवरा बघवणार नाही. अंडं घे."

"मॉम, ही तुमची कारस्थानं..."

"माझीच आहेत. अंडं घे म्हटलं ना. आणि पाय उचलायचं तू शिकवू नकोस तिला. तीन वर्षांपूर्वी बापाविरुद्धच्या शर्यतीत तू उचललास, म्हणून आपण आज इथे आलो आहोत."

क्लेटन कानापर्यंत लाल झाला. "तुम्हाला माहीत होतं?"

"तुझ्या बापाला सोडून सगळ्यांना माहीत आहे. सॉसेजवाल्यालासुद्धा."

गाडीतल्या सॉसेजवाल्याने मान हलवली आणि तिघांनाही एक-एक सॉसेज दिलं.

"डॅड," डेलेनी म्हणाली, "मी काही वचन देत नाही. तुम्हाला नाही, मॅमॉलापण नाही. गाडीत बसल्यावर माझा पाय काय करेल ते मला आत्ता ठाऊक नाही."

व्हर्ना आणि क्लेटन, दोघांनीही तिच्याकडे सारख्याच काळजीने पाहिलं.

*

रांगेत त्यांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. पुढे अजून चार जोड्या होत्या. ऑरिन हेल्मेट काखेत घेऊन कॅमॅरोतून उतरला आणि मस्टँगच्या खिडकीशी आला. दार उघडायला गेला, मग हात मागे घेऊन खिडकीवरच टेकला. फोर्डच्या दाराची मूठ धरायची अजून त्याची तयारी नव्हती.

"तुझ्या बापाने तुला पाय उचलायला सांगितलं असेल."

डेलेनी स्टीअरिंगवरचं ग्रीस पुसू लागली.

"सांगितलं असणारच. पोरगा प्रेमळ आहे. आईवर गेलाय." ऑरिनने पट्टीकडे पाहिलं. "पूर्ण जोरात असलेल्या गाडीवरचा पाय काढला ना, की तिचं नाक खाली झुकतं. त्याचं झुकलेलं मी पाहिलं होतं. तेव्हा मला डावीकडचं दिसत होतं."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"करंडक हातात होता ना! आणि फोटो काढत होते." तो हसला, मग हसू आवरलं. "पण घरी नेऊन ठेवला तो करंडक, आणि मला काही त्याच्याकडे बघवेना. शेवटी व्हर्ना त्यात लाकडी चमचे ठेवायला लागली. लेनी, मला असं दुसऱ्यांदा जिंकवू नकोस."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर हरलो. पण आधी मागे तर टाक. केस वाळवायच्या मशीनने कुणी कॅमॅरो गाठलेली मी अजून पाहिली नाही."

तो गेला. डेलेनीने काच वर केली, आणि मग कुणाला दिसणार नाही अशी थोडीशी रडली. ती हेल्मेट घालत असताना नडीनने दार उघडून, आत वाकून तिच्या पट्ट्यांचा ताण तपासला.

"काय म्हणत होते?"

"शिव्या देत होते."

"छान. म्हणजे तब्येत ठीक आहे."

*

पाण्याच्या डबक्यात चाकं भिजवून, टायर तापून पकड यावी म्हणून डेलेनीने ती जागच्या जागी फिरवली. पांढरा धूर गाडीला वेढून पुढे गेला. शेजारी कॅमॅरो दातओठ खाल्ल्यासारखी गुरगुरत होती. तिचा आवाज मस्टँगच्या बंद काचेतून आत येऊन छातीच्या फासळ्यांवर आपटत होता. डेलेनी हळूहळू रेषेपर्यंत सरकली. ऑरिन आधीच उभा होता. त्याच्या खांद्याची एक रेघही हलत नव्हती.

तीन पिवळे दिवे एकदम लागले.

ऑरिन सुटला. इतका नेमका सुटला, की हिरवा दिवा जणू त्याच्या परवानगीने लागला. कॅमॅरोची पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली आणि कुंपणाजवळचे लोक किंचाळले. डेलेनीची मागची चाकं क्षणभर घसरली, मग पकडली, आणि पाठ सीटमध्ये रुतली. समोर तिला नारिंगी गाडीची पूर्ण शेपटी दिसत होती.

हरले, असं तिला वाटलं, आणि काय आश्चर्य, बरंही वाटलं. आता पाय उचलायचा की नाही हा प्रश्नच उरला नव्हता.

पण सुपरचार्जरची शिट्टी चढत गेली. शेपटी जवळ आली. मग मागचं चाक, मग दार, दारातलं पॅपॉंचं हेल्मेट. अर्धी पट्टी संपली होती. एवढ्या जवळून तिने त्यांना कधी गाडी चालवताना पाहिलं नव्हतं. ते समोर बघत होते आणि तोंडाने काहीतरी बोलत होते. ते गाडीला बोलत होते, किंवा तिला. तिच्या पायाने बापाचं ऐकायला एक क्षण घेतला असावा, कारण तो तिला जड लागला. मग तिने तो होता तिथून आणखी खाली दाबला, तिथे दाबायला काही उरलं नव्हतं तरीही.

शेवटच्या रेषेवर मस्टँगचं नाक पुढे होतं. जेमतेम बॉनेटभर.

तिने वेग कमी केला आणि आरशात पाहिलं. कॅमॅरो मागे होती, सरळच येत होती. डेलेनीने डावीकडचा दिवा लुकलुकवला, वळणाच्या बरंच आधी, आणि हळू झाली. नारिंगी गाडी तिच्या मागच्या लाल दिव्यांच्या मागे मागे वळली. सोयाबीनला कुणी हात लावला नाही.

*

परतीच्या रस्त्याच्या कडेला दोन्ही गाड्या थांबल्या. क्लेटन मैदानातला छोटा मोटारगाडा चालवत सगळ्यांना घेऊन आला होता. त्याने मांडीवर घडीची खुर्ची धरली होती. ऑरिन कॅमॅरोतून उतरला. हेल्मेट काढलं. घामाने केस डोक्याला चिकटले होते. व्हर्ना पदर नव्हता म्हणून ॲप्रनच्या टोकाला पीळ घालत होती.

"डॅडी, बसा," क्लेटन म्हणाला आणि खुर्ची उघडली.

"कशाला?"

"नाही, म्हणजे... जरा दम घ्या."

"मला काम आहे." ऑरिन खुर्चीला वळसा घालून मस्टँगकडे गेला. मागच्या चाकाशी गुडघ्यावर बसला आणि टायरवर तळहात ठेवला. "नडीन! यात हवा जास्त आहे."

"आकडा बरोबर आहे," नडीन म्हणाली. "मी स्वतः बघितलाय."

"सकाळी बरोबर होता. आता ऊन चढलंय, टायर तापलाय. ती सुटताना घसरली, पाहिलं नाहीस? मला तिथे अर्ध्या गाडीची आघाडी फुकट मिळाली."

नडीनने मापक लावून पाहिला. थोडी हवा सोडली, परत पाहिलं, आणखी थोडी सोडली.

"तेवढी पुरे," ऑरिन म्हणाला. मग आसाच्या वरच्या पट्टीवर त्याने बोट फिरवलं. "हे वेल्डिंग कुणी केलं?"

"मी."

"कुठे शिकलीस?"

"तुमच्या पाठीमागे उभी राहून," नडीन म्हणाली. "आई बटाटे सोलायला हाक मारायची तोवर."

ऑरिनचं बोट तिथेच थांबलं. पट्टीवर दुसरी जोडी सुटली, तिचा गडगडाट होऊन संपला. मग उठायला त्याने हात पुढे केला, आणि नडीनने तो धरून त्याला उठवलं. तिचा हात त्याने लगेच सोडला नाही.

"माझ्यापेक्षा सरळ आहे," तो म्हणाला. "कॅमॅरोचं मागच्या बाजूचं वेल्डिंग मला नव्याने करायचंय. क्लेटन धूरच फार करतो."

"मी इथेच उभा आहे," क्लेटन म्हणाला.

"मग किल्ली घे आणि कॅमॅरो ट्रेलरवर चढव. मी शब्द दिलाय, आता मी चालवत नसतो." हे त्याने इतक्या सहज म्हटलं की किल्ली हातात आल्यावरच क्लेटनला समजलं काय झालं ते. तो किल्ली मुठीत धरून उभा राहिला. डोळे पुसायला त्याला टोपी परत काढावी लागली.

"आणि काय रे," ऑरिन जाता जाता म्हणाला, "हिने पाय उचलला नाही, बघितलंस? असं असतं ते."

*

तिसऱ्या फेरीत डेलेनी हरली. लेक्सिंग्टनजवळच्या एका नळदुरुस्तीवाल्याशी गाठ होती आणि तिची गाडी सहज पुढे गेली असती. पण हिरव्याच्या आधीच सुटली आणि तिच्या बाजूचा लाल दिवा लागला, म्हणजे ती बाद. ऑरिन दिवे चालवणाऱ्या माणसाशी पोट भरेस्तोवर भांडला. दिवा बरोबर होता हे त्याला माहीत होतं, त्या माणसालाही माहीत होतं. दोघंही खूश होऊन परतले.

छताखाली कणसं, अंडी, सॉसेजं आणि उरलेली पाई मांडली गेली. डेलेनी तोंड पाडून बसली होती. ऑरिनने तिच्या ताटात सगळ्यात मोठं कणीस ठेवलं.

"घाई झाली," ती म्हणाली.

"होते. मी तुझ्या वयाचा असताना एका उन्हाळ्यात इतके लाल दिवे लावले, की लोकांना वाटायचं मी नाताळची तयारी करतोय. पिवळ्याकडे एकटक बघायचं नाही. त्याच्या खाली बघायचं. दाखवीन तुला." तो नडीनकडे वळला. "पुढच्या शनिवारी पोर्ट्समथला शर्यत आहे. कितीला निघायचं?"

"सातला," नडीन म्हणाली.

"सहाला. रांग लागते."

"साडेसहा."

"बरं. आणि रस्त्यात मी पुढे बसणार. मागे मला मळमळतं."

व्हर्नाच्या हातातला चमचा पाईमध्ये तसाच राहिला. पुढच्या शनिवारी तिने दोघांसाठी बहिणीकडे तळ्यावर जायचं ठरवलं होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी चर्चच्या बाजाराचं. चार महिने तिने कट रचला, सुनावलं, पाया नव्हे तर पाई भाजल्या, आणि तिच्या मनात कुठेतरी मोकळ्या शनिवारांची एक लांबलचक रांग उभी होती.

"म्हणजे तू येणारच आहेस?" तिने विचारलं. "दर शनिवारी?"

"मग काय, पोरींना एकट्या पाठवू?" ऑरिन म्हणाला. "फोर्ड आहे ती, व्हर्ना. कुणीतरी जाणतं माणूस नको बरोबर?"

क्लेटनला हसू फुटलं, मग नडीनला. व्हर्नाने एक एक करून सगळ्यांकडे रागाने पाहिलं. मग तिला स्वतःलाच हसू आवरेना, आणि ॲप्रन तोंडावर धरून ती इतकी हसली की शेजारच्या छताखालची माणसं वळून बघायला लागली.

"साडेसहा," डोळे टिपत ती म्हणाली. "आणि अंडी मी करणार नाही. अंडी आता तू शिकायची, ऑरिन."

"उकडायची कशी ते सांग," ऑरिन म्हणाला आणि बाह्या वर केल्या.